इंग्रजीतल्या ‘चोक’ आणि ‘गॅग’ या शब्दांच्या अर्थात नेमका काय फरक आहे?

शब्दकोशात दोन्हींपुढे ‘घशात अडकणे, गुदमरणे’ असंच दिलंय, मग दोन वेगळे शब्द कशाला, असं तुम्ही विचारलंय. शब्दकोशाचं नाव सांगितलं नाहीत ते बरं केलंत. याच दोन शब्दांवरून मी आमच्या एका साहेबांशी निवृत्त होईपर्यंत धड बोललो नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

पहिल्यांदा कामाचं. चोक म्हणजे हवेची वाट बंद होणं. गॅग म्हणजे घशाने वस्तू बाहेर ढकलणं. दातांचा डॉक्टर माप घ्यायला तो गार लगदा भरलेला साचा तोंडात मागेपर्यंत सारतो आणि आपण डोळ्यांत पाणी आणून ‘ग्यॅक’ करतो, ते गॅग. तिथे काही अडकलेलं नसतं. जिभेच्या मुळाला, पडजिभेच्या आसपास कशाचा स्पर्श झाला की घसा आपोआप आकसतो, शरीराने तिथे बसवलेला तो वॉचमन आहे. मराठीत याला चांगला शब्द आहे, उमासा. तो असताना ‘घशात अडकणे’ लिहिणाऱ्याला काय म्हणावं!

चोकला मात्र मराठीत एक शब्द नाही आणि सगळी रड तिथेच आहे. ठसका जवळचा, पण ठसक्यात माणूस खोकतो, म्हणजे हवा खेळती आहे. घशात अडकणे म्हणाल तर माशाचा काटाही घशात अडकतो. तेव्हा माणूस बोलतो, बायकोला बोल लावतो, भाताचा गोळा न चावता गिळतो. आणि गुदमरणे हे तर वेगळंच प्रकरण. धुराने भरलेल्या खोलीत माणूस गुदमरतो. त्याची श्वासनळी मोकळी असते, हवा नसते. चोकमध्ये भोवती हवा हवी तेवढी असते, नळी बंद असते. हा फरक पुस्तकी वाटतो ना? थांबा.

मी टूलरूमचा माणूस, म्हणून मला हा शब्द आधी स्कूटरमुळे कळला. चेतकच्या सीटखाली पेट्रोलच्या कॉकशेजारी चोकची खुंटी असायची. थंडीत सकाळी ती ओढली की कार्ब्युरेटरमध्ये जाणारी हवा कमी व्हायची, पेट्रोलचं प्रमाण वाढायचं आणि इंजिन चालू व्हायचं. खुंटी परत आत ढकलायला विसरलात की गाडी काळा धूर सोडत, धापा टाकत बंद पडायची. चोक म्हणजे हवा अडवणे, इतकं स्वच्छ. ट्यूबलाइटचा चोक विजेचा प्रवाह आवरतो. नाली चोकअप झाली हे तर आपण रोज म्हणतो. सगळीकडे वाट अडवणं आहे, ओकारीचा कुठे संबंध नाही.

आता ती गोष्ट. 2009 साल, नाशिकची अंबड एमआयडीसी. कंपनीचं नाव सांगत नाही. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्याच्या आसपास कंपन्यांत सुरक्षा सप्ताह करतात. मुख्य कार्यालयाकडून प्रथमोपचाराचं इंग्रजी पोस्टर आलं. सहा चौकटी, त्यातली एक ‘चोकिंग’. माझं मराठी बरं म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, ‘श्वासनळीत घास अडकणे’. साहेब म्हणाले, चौकटीत बसत नाही, एका शब्दात द्या. मी म्हटलं, एक शब्द नाहीये. त्यांनी टेबलावरचा शब्दकोश उघडला, बोट ठेवलं आणि छापायला गेलं ‘गुदमरणे’. खाली चित्र होतं, मागून मिठी मारून पोट दाबतानाचं, पण ते पोस्टाच्या तिकिटाएवढं.

आमच्याकडे पेंटशॉप होतं. थिनरच्या वासाने, बंद टाकीत उतरल्यावर माणूस गुदमरतो, हे प्रत्येक कामगाराला पाठ होतं. गुदमरला की बाहेर काढा, मोकळ्या हवेत न्या, गर्दी हटवा. शिकवणच तशी होती आणि ती बरोबरही होती.

सप्टेंबरातला बुधवार होता, म्हणजे कँटीनला अंडाकरी. दुसऱ्या टेबलावर एक कंत्राटी पोरगा, विशीतला, उकडलेलं अर्धं अंडं तोंडात टाकून शेजाऱ्याशी बोलत होता. मी त्याच्या समोरच्या रांगेत. तो बोलता बोलता थांबला. एवढंच झालं. ना खोकला, ना आवाज. ताट सरकवून उभा राहिला आणि हात धुवायच्या बेसिनकडे चालायला लागला. चालायला, धावायला नाही. शेजारच्याने विचारलं, ‘काय रे?’ त्याने नुसता हात हलवला. लाजला होता बिचारा, चारचौघांत ओकारी झाली तर काय, म्हणून.

बेसिनपाशी त्याने दोन्ही हातांनी कडा धरली. पाठमोरा माणूस बेसिनवर वाकलेला बघून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. ‘उलटी होतेय, होऊ दे, मोकळं वाटेल.’ मग तो वळला तेव्हा ओठ जांभळे. आता कुणीतरी ओरडलं, ‘गुदमरला!’ आणि पोस्टरवरचा शब्द कामाला लागला. दोघांनी त्याला बखोटीला धरून दाराबाहेर आणलं, झाडाखाली. एकजण ताटाने वारा घालतोय. शर्टाची बटणं उघडली. एकाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पाणी तसंच हनुवटीवरून खाली. अहो, वारा घालून काय उपयोग? हवा नाकापर्यंत येतच होती. आत जायला जागा नव्हती!

कँटीनच्या मावशींनी पहिल्यांदा शहाणपणा केला. त्यांनी त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने चार-पाच दणके हाणले. हललं नाही. तेवढ्यात मी पोचलो. मला प्रथमोपचाराचं शिक्षण नव्हतं, पण ते पोस्टर मी तीनदा लिहून काढलं होतं, त्यामुळे मजकूर तोंडपाठ. मागून कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ, दुसरा हात त्यावर आणि आत-वर असा हिसका. एक. दोन. तिसऱ्याला काहीतरी सुटल्यासारखं हाताला जाणवलं.

आणि आता नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पाच सेकंदांत आहे. अंड्याचा तुकडा श्वासनळीच्या तोंडावरून उडाला तो जिभेच्या मुळाशी आला. तिथे वॉचमन बसलेला. पोराने मोठ्याने ‘ग्यॅऽऽक’ केलं, एकदा, दोनदा, आणि पिवळा बलक माझ्या बुटावर. मग खोकला, मग रडू. आधी चोक, मग गॅग. पहिल्याला आवाज नव्हता. दुसऱ्याचा आवाज पार ऑफिसपर्यंत गेला.

तो ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी काय पाहिलं? उमासे देणारा, ओकणारा पोरगा. संध्याकाळी नोंदवहीत इंग्रजीत लिहिलं गेलं, ‘जेवताना गॅगिंग, उपचाराची गरज नाही’. मी चोकिंगच्या हिशेबाने पानभर लिहून दिलं होतं, ते परत आलं. मी म्हटलं, साहेब, पोरगा मेला असता. ते म्हणाले, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, उमासा होता. उमाशाने कुणी मरत नाही. म्हटलं, तेच तर सांगतोय, उमासा आला म्हणून तो जगला होता! चोकिंग लिहिलं असतं तर चौकशी आली असती, पोस्टर कुणी छापलं ते निघालं असतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी पोरगा टूलरूममध्ये आला. म्हणाला, ‘काका, मला सगळं ऐकू येत होतं. पाणी द्या, वारा घाला, सगळं. मला सांगायचं होतं की पाणी नको, पण सांगू कशाने?’

असो. तुम्हाला वाक्यात वापरायचे असतील तर इतकं लक्षात ठेवा. एखाद्या गोष्टीवर चोक झाला म्हणजे ती श्वासाच्या वाटेत अडकली. कुणी कुणाला चोक केलं म्हणजे गळा दाबला. चोक अप झाला म्हणजे कंठ दाटून आला. ऐन मोक्याच्या वेळी हातपाय गाळणाऱ्यालाही चोक झाला म्हणतात. 1999च्या विश्वचषकात एजबॅस्टनला डोनाल्ड धावबाद होऊन सामना बरोबरीत सुटला, तेव्हापासून दक्षिण आफ्रिकेला ‘चोकर्स’ हे बिरुद चिकटलं, ते 2025मध्ये लॉर्ड्सवर कसोटीचं अजिंक्यपद जिंकेपर्यंत. गॅग झालं म्हणजे उमासा आला, आणि कुणाला गॅग केलं म्हणजे तोंडात बोळा कोंबला. गॅग ऑर्डर त्यातूनच, बोलायला बंदी. गंमत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये माउथ गॅग नावाचं जे अवजार असतं, ते तोंड उघडं ठेवायला वापरतात. विनोदालाही गॅग म्हणतात, ते का, ते विचारू नका. आणि हो, गॅगचा जुना अर्थही गळा दाबणे असाच होता, तेव्हा शब्दकोशवाल्यांची चूक अगदीच बिनबुडाची नाही. पण आपण पंधराव्या शतकात राहत नाही.

माझ्या मते मराठीत चोकिंगला ‘श्वासनळीत अडकणे’ असंच लिहावं, चौकटीत बसो वा न बसो. चौकट मोठी करावी. तेव्हाच्या कारखाना कायद्यात दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी सांगितली होती, ती आमच्याकडे होती, कापूस-पट्ट्यांनी भरलेली. या कामाला त्या पेटीतलं काहीही चालत नाही. दोन हात लागतात आणि शब्द बरोबर लागतो.

मावशींचे दणके चुकीचे होते, असंही साहेबांनी नंतर कुठूनतरी वाचून ऐकवलं. त्यालाही इतिहास आहे. पोट दाबायची युक्ती अमेरिकेतल्या हेन्री हाइमलिक या शल्यविशारदाने 1974मध्ये मांडली आणि पाठीत दणके देऊ नका, असं तो आग्रहाने सांगत राहिला. पण 2006मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने पाच दणके आणि मग पाच वेळा पोट दाबणं, असं दोन्ही शिकवायला घेतलं, आणि 2025मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही तोच क्रम सांगितला. म्हणजे मावशी आणि मी मिळून जे केलं तेच. (हाइमलिकने स्वतः 2016मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, वृद्धाश्रमात शेजारी जेवायला बसलेल्या बाईंना याच पद्धतीने वाचवलं. माणूस हट्टी होता, पण हात चालत होते.)

हे आधी सांगायला हवं होतं, पण आता सांगतो. मी डॉक्टर नाही. माणूस खोकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याला खोकू द्या, अंगाला हात लावू नका. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट अजिबात दाबायचं नाही, तिथे पाठीवर पाच थापट्या आणि छातीवर पाच दाब. गरोदर बाईचंही पोट नाही, छाती. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नका, आणखी आत जाते. बेशुद्ध पडला तर खाली झोपवून छाती दाबायला लागा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा. आणि पोट दाबून वाचलेल्याला डॉक्टरांकडे न्याच, आत मार लागलेला असू शकतो. आम्ही त्या पोराला नेलं नव्हतं. नोंदच ‘उपचाराची गरज नाही’ अशी पडल्यावर नेणार कोण?

साहेबांबद्दल कडक लिहून गेलो. खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांनी गॅगच पाहिलं होतं, कारण चोक संपल्यावरच त्यांना ऐकू आलं. हे मला कळायला बरीच वर्षं लागली, पण म्हणून नोंद बरोबर ठरत नाही.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात ते भेटले. पंगत नव्हती, बुफे होता, दोघेही ताटं घेऊन उभे. बरीच इकडची-तिकडची झाली आणि मग त्यांनीच विषय काढला, ‘तो उमासाच होता हो.’ मी उत्तर देणार होतो. पण त्यांच्या तोंडात अख्खा गुलाबजाम होता. म्हटलं, आधी गिळा.