जँगोमध्ये मराठी शीर्षकांच्या लिंका: स्लगवर विसंबू नका

वाचनालयाच्या जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) साइटवर मराठी नावाचं एकच पुस्तक टाकलं आणि यादीचं अख्खं पान 'नो-रिव्हर्स-मॅच' (लिंक बनवता आली नाही) ही चूक देऊन पडलं, असं तुम्ही लिहिलंय. शेतीविषयक मासिकाची जँगो साइट करताना मी नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लग म्हणजे शीर्षकावरून बनवलेला पत्त्याचा तुकडा. तो बनवणारा जँगोचा स्लगिफाय मुळात फक्त आस्की (साधी इंग्रजी) अक्षरं ठेवतो. देवनागरी शीर्षकातलं काहीच उरत नाही आणि रिकाम्या स्लगची लिंक रिव्हर्सला (पत्ते बनवणाऱ्या फंक्शनला) बनवता येत नाही. यावर कोणीतरी स्लगिफायचा 'अलाव-युनिकोड' (इतर लिप्याही चालू द्या) हा पर्याय चालू करा म्हणेल. त्याने स्लग रिकामा राहणार नाही, पण त्यावर समाधान मानू नका. पायथनच्या रेगेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) 'शब्दातलं अक्षर' दाखवणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानत नाही, म्हणून त्या गळतात. 'माती परीक्षण'चं 'मत-परकषण' होतं. 'माती' आणि 'मोती' दोघांचंही 'मत'! युनिकोडच्या वर्गवारीतली अक्षरं, काना-मात्रांसारखी जोडचिन्हं ('मार्क') आणि अंक ठेवणारं स्वतःचं छोटं फंक्शन लिहा. पत्त्याचा साचा लिहितो त्या पाथमधला 'स्लग' कन्व्हर्टरही आस्कीच घेतो, तिथे 'स्ट्र' लागेल.

मला सगळ्यात महाग पडली ती चूक मात्र वेगळी होती. मॉडेलच्या सेव्हमध्ये (लेख डेटाबेसमध्ये साठवणाऱ्या कोडमध्ये) मी दर वेळी शीर्षकावरून स्लग नव्याने बनवत होतो आणि लेख शोधायचा तो फक्त स्लगवरून. अंक छापायला गेला, प्रत्येक लेखाखाली क्यूआर कोड होता. नंतर संपादकांनी साइटवर काही शीर्षकांतलं शुद्धलेखन सुधारलं, पत्ते बदलले आणि छापील कोड ४०४ वर ('पान सापडलं नाही') जाऊ लागले. कागदावरचं दुरुस्त कसं करणार? कोणते जुने पत्ते लोक अजून उघडतायत हे कळावं म्हणून होस्टिंगवाल्यांकडे ॲक्सेस लॉग (कोणते पत्ते उघडले गेले त्याच्या नोंदी) मागितले. तीन आठवडे 'तुमच्या ॲप्लिकेशनचा प्रश्न आहे' हेच उत्तर. लॉग तर आमच्याच साइटचे होते! शेवटी छापील अंक समोर ठेवून एकेक कोड फोनने स्कॅन केला आणि जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता हाताने भरला. आजही त्याचा राग येतो. होस्टिंग घेण्याआधी लॉग स्वतःला उतरवून घेता येतात का, हे लेखी विचारा.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ओळख क्रमांकाने पटवायची, स्लग वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. पत्ता '/लेख/412/माती-परीक्षण/' असा. व्ह्यू (पान तयार करणारा कोड) ४१२ वरून लेख काढतो. स्लग जुना असेल तर योग्य पत्त्यावर पाठवतो. सुरुवातीला हे ३०२ ने (तात्पुरतं वळवणं) करा. ३०१ (कायमचं वळवणं) ब्राउझर लक्षात ठेवतो, चुकीचा गेला तर वाचकाच्या फोनमधून तो काढणं तुमच्या हातात राहत नाही. छापायचा पत्ता नुसता '/लेख/412/'. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पर्सेंट-एन्कोडिंगमध्ये (पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं % लावून लिहायची पद्धत) नऊ अक्षरं खातं, 'माती'चीच छत्तीस होतात, आणि तेवढा क्यूआर दाट होतो.

लिंक बनवण्याची जागा एकच ठेवा: मॉडेलचं गेट-ॲब्सोल्यूट-यूआरएल हे फंक्शन, आत रिव्हर्स. टेम्प्लेटमध्ये हाताने तिरप्या रेघा जोडू नका, ईमेलच्या टेम्प्लेटमध्ये तर नाहीच. तिथली तुटलेली लिंक सहसा कोणी कळवत नाही. क्वेरीही (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) हाताने चिकटवू नका. जँगो ५.२ पासून रिव्हर्सलाच ती देता येते, त्याआधीच्या आवृत्तीत यूआरएल-एन्कोड वापरा.

एक आडवळणाची गोष्ट. 'शेतकऱ्यांसाठी'मधला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' वापरून, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. दिसायला सारखेच, बाइट वेगळे, आणि एनएफसी नॉर्मलायझेशनने (सारखी अक्षरं एका रूपात आणायची युनिकोडची पद्धत) ते एक होत नाहीत. स्लग बनवण्याआधी स्वतः एकच रूप ठरवून बदला.

हा सगळा अनुभव जँगोचा. लाराव्हेल किंवा रेल्स या दुसऱ्या चौकटींवर मी इतकं मोठं काम केलेलं नाही, तिथे तपशील वेगळे असतील. तुमच्या सेव्हमध्ये स्लगिफाय आहे का ते आधी पाहा, आणि पुस्तकांवर क्यूआरची लेबलं चिकटवायची असतील तर पत्ते ठरेपर्यंत ती छापू नका.