दोन लाख किलोमीटर चाललेल्या स्विफ्ट डिझेलचं इंजिन बांधून घ्यावं की दुसरं बसवावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2012ची, चिक्कोडी पासिंग, दोन लाख दहा हजार चाललेली, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. आणि गॅरेजवाला म्हणतो, "बांधण्यात अर्थ नाही, तयार इंजिन आणून देतो, दोन दिवसांत गाडी न्या." हे 'दोन दिवसांत' वाचलं आणि डोकं उठलं. हेच शब्द मला आमच्या दाजींनी ऐकवले होते.

माझीही तीच गाडी, तेच 1248 सीसीचं इंजिन, फक्त नंबर केए-22, म्हणजे बेळगावचा. वंटमुरीचा घाट चौथ्यात चढणारी गाडी दुसरा गिअर मागायला लागली, मागे निळा धूर. दाजी निपाणीचे, ट्रान्सपोर्ट लाइनमधले, त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. बोअर मारणं, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून किंचित मोठं कापून घेणं, त्यांना मान्यच नाही. "बोअर मारलेलं इंजिन पहिल्यासारखं होत नाही बघ. कंपनीचं ते कंपनीचं." झालं. हद्दीपलीकडच्या एका भंगारवाल्याकडून 52 हजारांना इंजिन आलं. अपघातातल्या गाडीचं, 'साठ हजारच चाललेलं'. आता किलोमीटरचा मीटर असतो डॅशबोर्डात, इंजिनावर कुठला आलाय? पण तेव्हा हे सुचलं नाही.

दोन दिवसांत गाडी मिळाली, तेवढं खरं. मग कागदांचं सुरू झालं. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यावर, ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, आणि ते चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यावं लागतं. त्याला पक्कं बिल पाहिजे, मूळ गाडीचे कागद पाहिजेत. माझ्याकडे वहीच्या पानावरची पावती. गाडी केए-22ची, इंजिन एमएच-09चं, म्हणजे कोल्हापूरचं. सीमाप्रश्न थेट माझ्या बॉनेटखाली येऊन बसला. विम्याचा एजंट तर म्हणाला, नंबर जुळला नाही तर क्लेम विसरा.

जेमतेम चार हजार किलोमीटर झाले. भाच्याच्या जावळाला निपाणीला निघालो होतो, हत्तरगीच्या टोलनाक्याअलीकडे खालून टकटक सुरू झाली. अ‍ॅक्सिलेटर दिला की वाढायची. टोचन लावून गाडी परत आणली, ऑइल काढलं, तर ट्रेच्या तळाला चंदेरी चमक. बोटावर घेऊन चोळली तर कणी हाताला लागली. बेअरिंग खाल्लेलं. भंगारवाला म्हणाला, "चालू करून दाखवलं होतं की."

जुनं इंजिन परड्यात पोत्याखाली पडलं होतं, आईनं त्यावर वाळवणाची परात ठेवलेली. ते टेम्पोत घालून इथे बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये नेलं. माझी दाजीपुराण सांगायची तयारी, पण तिथला म्हातारा मिस्त्री म्हणाला, "अळती माडि नोड्री, आम्याले माताड्री." आधी माप घेऊन बघा, मग बोला. आतला व्यास मोजायचा बोअर गेज घातला, प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली, आणि दोन्ही दिशांनी. तीन सिलिंडर तीस-चाळीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजलेले. चौथा वरच्या बाजूला 120. माझं बोट धरून त्यानं नख आतून वर ओढायला लावलं. वरच्या टोकाला नख अडकलं, ओठ आल्यासारखं. पिस्टन जिथून उलटा फिरतो तिथे रिंग सगळ्यात जास्त घासते, आच जास्त आणि ऑइल कमी. पण एकाच सिलिंडरला एवढं का? तर चौथ्याचा इंजेक्टर गळत होता, डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेत होतं. वर टर्बोच्या शाफ्टला खेळ, तिथूनही ऑइल आत जाऊन जळत होतं. म्हणजे अर्धा धूर तर इंजिनाचा नव्हताच!

चारही बोअर, पिस्टन-रिंगा, बेअरिंगं, क्रँक पॉलिश, हेड फेसिंग, टायमिंग चेन, इंजेक्टर, टर्बोचं काम. सगळे मिळून 74 हजार, बारा दिवस. बिल माझ्या वेळचं, आता जास्तच येईल. ब्लॉक मूळचाच, त्यामुळे नंबर परत आरसीशी जुळला.

दाजींचं पालुपद अजून तेच, बोअर मारलेलं इंजिन टिकत नाही. अहो, कारखान्यात ब्लॉक ओतून आला की बोअर-होनिंग (कापून, मग आतून घासून गुळगुळीत) करूनच पुढे जातो ना? ह्याचा ब्लॉक बिडाचा आहे, म्हणून तर परत बोअर मारता येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते ह्याच गावात. 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लेथवरचे हात इथे राहिले. इथे हायड्रॉलिक सिलिंडर होन होऊन बाहेर जातात, एका स्विफ्टचं बोअर होणार नाही?

तर तुमचं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि भोकावर उलटं ठेवा. नाचायला लागलं, भकभक वाफ आली, तर रिंगा संशयित. टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का बघा. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडे जवळपास सारखे आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेत असतील तर इंजिन खोलायची घाई करू नका. बांधायचं ठरलंच तर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठे, पिस्टन आधी हातात घ्या, मग पिस्टन मोजून बोअर मारायला सांगा. उलटं करणारे पुष्कळ भेटतील. नंतर पहिले हजार किलोमीटर घाटात रगडू नका, आणि त्यानंतर ऑइल बदला.

हां, एक राहिलं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, किंवा ब्लॉकला तडा असेल, तर दाजी बरोबर. शिवाय तुमच्या गाडीला 2027 मध्ये पंधरा वर्षं होतात, आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागेल. पत्रा कुजलेला असेल तर 74 हजार घालायच्या आधी तेही बघा.

दाजींचं ते इंजिन आता परड्यात त्याच पोत्याखाली आहे. हेड चांगलं आहे. पाहिजे तर सांगा, पावती मात्र वहीतलीच.