बाटलीने कर्ब वाढत नाही: गोव्यातील भातशेतकऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (पेडणे): आमची खेर (सखल भागातील) जमीन रेताड आहे आणि तपासणी अहवालात सेंद्रिय कर्ब (मातीतील कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) 0.5 टक्क्यांहून कमी आला आहे. ह्युमिक ॲसिड एकरी दोन लिटर सोडल्यास एका हंगामात कर्ब वाढेल असे दुकानदार सांगतो. ते घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. एक एकर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 8 ते 9 लाख किलो माती असते, म्हणजे कर्ब केवळ 0.1 टक्क्याने वाढवायचा तरी त्या मातीत 800 किलोहून अधिक कर्ब टिकून राहावा लागतो. बाजारातील 12 टक्के ह्युमिक द्रावणाच्या दोन लिटरमध्ये मिळून दीडशे ग्रॅमदेखील कर्ब नसतो. मुळांच्या वाढीला त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, परंतु जमिनीचा कर्ब त्याने वाढत नाही. दोन लिटरऐवजी चार लिटर ओतले तरीही वाढत नाही. ‘कर्ब वाढवणारे जिवाणू’ म्हणून जी पाकिटे विकली जातात त्यांनाही हेच लागू आहे, कारण जिवाणू कर्ब खातात आणि त्यांना खायला आधी शेतात काही असावे लागते.

हे खाद्य आपल्याच शेतात तयार होते आणि आपणच ते जाळतो किंवा विकतो. एकरी दोन टन पेंढ्यात साधारण 800 किलो कर्ब असतो. त्यातील बराचसा वर्षभरात कुजून हवेत परत जातो आणि थोडाच मातीत स्थिरावतो, म्हणून अहवालातील आकडा हलायला काही वर्षे लागतात. पेंढा जाळल्यास मात्र कर्ब जवळजवळ सगळा जातो, नत्राचाही मोठा भाग जातो आणि राखेत मुख्यतः पालाश उरते. गुरांसाठी लागेल तेवढा पेंढा अवश्य काढावा, परंतु धसकटे एक वीत उंच ठेवावीत आणि राहिलेला पेंढा पसरून टाकावा.

माझा आग्रह अळसांद्यांचा (चवळीचा) आहे. सरद (पावसाळी) भात कापल्यावर बहुतेक जण शेत मोकळे टाकतात किंवा पॉवर टिलर आणून उभे-आडवे नांगरतात. नांगरल्याने उरलेली ओल उडून जाते आणि मातीच्या कणांच्या गाठी फुटल्याने त्यांत जपलेला कर्ब उघडा पडून लवकर जळतो. त्याऐवजी कापणीनंतर आठवड्याच्या आत, जमिनीला भेगा पडण्यापूर्वी, धसकटांच्या ओळींमध्ये टोकणीने अळसांदे लावावेत आणि बियाण्याला रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र साठवणारे जिवाणू) चोळावे. पंधरा दिवस उशीर झाल्यास रेताड जमिनीत उगवण विरळ होते, आणि मग दोष बियाण्याला दिला जातो. शेंगा तोडून झाल्यावर वेल उपटू नयेत, बुंध्यापाशी कापावेत, म्हणजे गाठींसह मुळे जमिनीतच राहतात. मोकाट गुरांचा बंदोबस्त वाड्यावरील सर्वांनी मिळूनच करावा लागेल, कारण एकट्याची मेर (शेताचा बांध) राखून भागत नाही.

कर्बाची पुढील तपासणी तीन वर्षांनी, त्याच महिन्यात आणि त्याच 15 सेंटिमीटर खोलीवरून करावी. न नांगरलेल्या शेतात कर्ब वरच्या बोट-दोन बोटांच्या थरात साठतो, त्यामुळे वरवर खरवडून दिलेला नमुना खोटी वाढ दाखवतो. ‘आमच्या औषधाने कर्ब दुप्पट’ म्हणून फिरवले जाणारे अहवाल पाहताना नमुना किती खोलीचा होता, हे आधी विचारावे.

प्रश्न (केपे): मळणी यंत्राने सोडलेला पेंढा जूनमध्ये चिखलणीच्या वेळी गाडला. लावणीनंतर रोपे पिवळी पडली, तेव्हा दुकानदाराने दुप्पट युरिया सांगितला. पेंढा गाडणेच चुकले का?

उत्तर: पेंढा गाडणे चुकले नाही, वेळ चुकली. ओला-ताजा पेंढा चिखलात दाबून त्यावर लगेच पाणी कोंडले की तो हवेविना कुजतो. अशा शेतातील चूड (भातरोपांचा जुडगा) उपटून पाहावी: निरोगी मुळे गंजासारखी तांबूस असतात, येथे ती काळी निघतात आणि हाताला कुजक्या अंड्यांचा वास येतो. याच अवस्थेत शेतातून मिथेन सर्वाधिक सुटतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. जमिनीत कर्ब साठवल्याचा लाभ अशा रीतीने एका हाताने मिळवून दुसऱ्या हाताने घालवला जातो.

पेंढा कापणीनंतर लगेच, नोव्हेंबरमध्येच, जमिनीवर पसरावा. तेथे तो हवेशी कुजतो आणि जूनपर्यंत बराच कमी होतो. यंदा मात्र मेर फोडून दोन-तीन दिवस पाणी काढून टाकावे, नवी पांढरी मुळे दिसल्यावर पुन्हा पाणी घ्यावे, आणि युरियाला तोपर्यंत हात लावू नये. काळी मुळे युरिया घेऊ शकत नाहीत. तो पाण्याबरोबर वाहतो, आणि उरलेल्याने पुढे करपा आणि तुडतुडे येतात. पेंढा कुजताना जिवाणू सुरुवातीला नत्र धरून ठेवतात हे खरे आहे, म्हणून पहिला हप्ता थोडा मोठा करावा आणि तेवढाच पुढील हप्त्यातून कमी करावा. एकूण मात्रा शिफारशीइतकीच राहते. दुप्पट युरिया हा सल्ला नाही, ती विक्री आहे.

वायंगण (उन्हाळी) भातात कालव्याचे पाणी हातात असेल, तर शेतात भोके पाडलेली नळी पुरून पाण्याची पातळी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेल्यावरच पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्यात मात्र पाणी तुटू देऊ नये.

प्रश्न (तिसवाडी): खाजनात (खाडीलगतच्या, बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) नांगरणीशिवाय शेती करता येईल का, आणि चुना किती टाकावा?

उत्तर: नेरळच्या सगुणा (नांगरणीशिवाय भात) पद्धतीचे कायम गादीवाफे निचऱ्याच्या शेतात चांगले आहेत, पाणी तुंबणाऱ्या खाजनात नाहीत. तेथे कापणीनंतरची नांगरट टाळणे आणि पेंढ्याचे आच्छादन ठेवणे एवढेच करावे. उघडी माती तापली की खालचे मीठ वर येते, आच्छादनाखाली ते कमी येते. मानस (खाडीचे पाणी अडवणारे दार) आणि बांध नादुरुस्त असतील तर बाकी सर्व सल्ले व्यर्थ आहेत. चुना माती तपासल्याशिवाय टाकूच नये, कारण पाणी साचल्यावर आम्ल जमिनीचा सामू (pH) आपोआप वर सरकतो, आणि अनावश्यक चुन्याने सेंद्रिय पदार्थ उलट लवकर कुजून जातो. चुना आणि युरिया एकत्र टाकल्यास नत्र अमोनिया होऊन उडते. तणनाशकाचेही तसेच: बिस्पायरीबॅक सोडियम 10 टक्के हेक्टरी 200 मिलिलिटर, पाणी काढून, तण कोवळे असतानाच फवारावे. तण मोठे झाले म्हणून मात्रा वाढवू नये आणि दुकानात दोन औषधे मिसळून दिल्यास घेऊ नयेत.

बियाणे आणि अवजारांवरील अनुदानासाठी कृषी कार्ड चालू असावे लागते. खरेदी करण्यापूर्वी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारावे आणि पक्के बिल घ्यावे.