घोंगडीचे धागे दिसतात का बघा

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि डार्करूम

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवतो. मामांचा जुना कॅमेरा दुरुस्त करून घेतला आणि एका विक्रेत्याकडून ३५ मिमीचे पाच रोल मागवले. काळी कॅसेट, वर पांढरी चिठ्ठी : 'हाय स्पीड ब्लॅक अँड व्हाइट, ८००, ३६ फोटो'. कंपनी नाही, तारीख नाही, धुण्याची वेळ नाही. विचारलं तर विक्रेता म्हणतो, "मोठ्या कंपनीचाच आहे, नाव सांगता येत नाही." मित्र पैजेवर सांगतो की हा कोडॅकचा ट्राय-एक्सच. यंदा बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ याच रोलवर काढायचं मनात आहे. रोल नेमका कुठला आणि किती मिनिटं धुवायचा? सोबत एका रोलची बाहेर आलेली जीभ कापून पाठवतोय.

उत्तर : गुरुजी, जीभ पाठवलीत हे बरं केलंत, नाहीतर नुसती चिठ्ठी वाचून भविष्य सांगायची वेळ आली असती. तो चार बोटांचा तुकडा घेऊन मी अर्धी सकाळ स्वयंपाकघरात काढली. घरच्यांना वाटलं, म्हातारा परत स्टुडिओ उघडतोय.

आधी कडेला नख लावून फाडून बघितला. टर्रकन फाटला. म्हणजे पाया (रसायनाच्या थराखालची पट्टी) अ‍ॅसिटेटचा. पॉलिएस्टर असता तर बोट कापलं असतं, पण तो फाटला नसता. एवढ्यावरच काही नावं गळाली. आग्फा-गेव्हर्टची अ‍ॅव्हिफॉट म्हणून विमानातून जमिनीचे फोटो घ्यायची फिल्म आहे, तीच रोलाय रेट्रो ४००एस या नावाने कॅमेऱ्याच्या रोलमध्ये मिळते. ती पॉलिएस्टरवर असते, तेव्हा तुमची ती नव्हे. मग अर्धा तुकडा वाटीत पाण्यात सोडला. दोन मिनिटांत पाणी जांभळट झालं, अगदी तुमच्याकडची जांभळं धुतल्यासारखं. फोमाच्या रोलांचं पाणी मी हिरवं उतरलेलं बघितलंय, म्हणून तोही बहुधा नाही. उरलेला अर्धा हायपोत, म्हणजे फिल्म पक्की करायच्या रसायनात टाकला, तीन मिनिटांत साफ झाला आणि खाली राखाडी पाया राहिला. आता बोट कोडॅककडे जातं, हे खरं. पण बोट जाणं वेगळं आणि जन्मदाखला मिळणं वेगळं. मित्राची पैज घेऊ नका, लावूही नका.

नाव लपवण्यात दरवेळी लबाडी असते असं नाही. फिल्मवर रसायनाचा थर चढवायचं यंत्र म्हणजे एखाद्या साखर कारखान्याएवढा पसारा. तो मांडून बसलेले कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके उरलेत : अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक, इंग्लंडमध्ये मॉबर्लीला हार्मन, चेक प्रजासत्ताकात फोमा, बेल्जियममध्ये आग्फा-गेव्हर्ट, आणि आणखी थोडे. बाकीचे यांच्याकडून माल घेतात, कापतात, आपली चिठ्ठी लावतात. हार्मन इलफर्डचा एचपी५ बनवतं आणि केंटमिअर ४०० सुद्धा. सिनेमाची कोडॅक डबल-एक्स ही १९५९ पासूनची फिल्म सिनेस्टिलच्या डब्यात बीडब्ल्यूएक्सएक्स होऊन येते. आग्फाफोटो २००५ साली दिवाळखोरीत गेली, तरी ते नाव अजून डब्यांवर आहे आणि आतला माल दुसरीकडचा. कमी दरात आपलाच माल आपल्याच नावाच्या शेजारी विकला जावा, असं कुठल्या कारखान्याला आवडेल? म्हणून नाव न सांगायची अट असते.

मला खटकतो तो ८०० हा आकडा. हा रोलचा वेग : आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात फोटो निघतो. काळ्या-पांढऱ्यात नेहमीचा वेगवान रोल ४०० चा, आणि त्याच्या वर थेट ३२०० चा डबा. ८०० क्वचितच दिसतो. मग दोन शक्यता. एक तर ४०० च्या रोलला कुणीतरी बढती दिली. नाहीतर आत ३२०० वाला आहे आणि कुणीतरी खरं बोललं! कारण कोडॅकचा पी३२०० काय आणि इलफर्डचा डेल्टा ३२०० काय, दोघांचा मोजलेला वेग हजाराच्या आसपासच आहे. ३२०० म्हणजे 'जास्त धुवा, तेवढं निघेल' असा वायदा. माझा कौल पहिल्या शक्यतेला. ८०० लिहिलं की चार रोल जास्त खपतात.

हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. १९८६ साली शहापूरला माझा स्टुडिओ होता. शिवजयंतीसाठी हुबळीच्या एका दुकानदाराकडून बल्कमधून, म्हणजे लांबलचक फिल्म कापून भरलेले दहा रोल आणले, '४०० फास्ट' म्हणून. कुठला माल आहे, विचारलं तर तो हसून म्हणाला, "याव्दादरेन री, कप्पु-बिळि बंद्र साकल्ल!" कुठला का असेना, काळं-पांढरं आलं की पुरे. मारुती गल्लीच्या तोंडाशी रात्रभर उभा राहिलो. ट्यूबलाइटचा झगमगाट, रथावर महाराज, समोर लेझीम, आणि मी एक तीसांश सेकंदाला, भिंग एफ दोनवर उघडून, छातीशी कॅमेरा घट्ट धरून. सकाळी रोल धुतले. निगेटिव्ह काचेसारखं पारदर्शक. ट्यूबलाइट तेवढ्या उमटल्या होत्या, महाराजांचा जिरेटोप गायब, लेझीमवाल्यांचे नुसते दात. मग कडेला भोकांच्या बाहेर बारीक अक्षरं वाचली : तो रोल १२५ वेगाचा होता. जवळजवळ पावणेदोन स्टॉपची खोट (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ज्या मंडळाने पैसे आगाऊ दिले होते, त्यांच्या अध्यक्षांना तोंड चुकवत मी वर्षभर खडेबाजारातून न जाता लांबून जायचो.

तेव्हा पाचांतला एक रोल वाया घालवायची तयारी ठेवा. पडवीच्या सावलीत खुर्चीवर काळी घोंगडी टाका, शेजारी कुणाला तरी पांढरं धोतर नेसवून बसवा. कॅमेरा तिवईवर. पूर्ण दृश्याचा उजेड मीटरने मोजून २००, ४००, ८०० आणि १६०० अशा चार वेगांवर एकेक फोटो काढा, मग झाकण लावून एक कोरी फ्रेम सोडा. असं तीनदा. अंधारात रोलचा तेवढाच भाग कापा आणि डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर आठ मिनिटं धुवा. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचं पाणी २६-२७ ला असतं. माठातलं पाणी आणि बर्फ वापरून खाली आणा, किंवा २४ वर धुऊन वेळ एक तृतीयांशाने कमी करा. डी-७६ मिळाला नाही तर घरी होतो : लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, टाकणखार २. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, बाकीचं नंतर. सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही.

निगेटिव्ह वाळलं की भिंग लावून घोंगडी बघा. ज्या फ्रेममध्ये तिचे धागे कसेबसे मोजता येतात, तो तुमच्या रोलचा खरा वेग. चिठ्ठी काहीही म्हणो. धोतराच्या चुण्या बुजून सगळं काळंठिक्कर झालं असेल तर पुढच्या वेळी दीड मिनिट कमी धुवा. कोरी फ्रेम हायपोत साफ केलेल्या जिभेपेक्षा बरीच काळपट दिसली तर माल जुना आहे किंवा उन्हात पडून होता. वेगवान रोल उष्णतेने लवकर फॉग होतात, म्हणजे उजेड न लागताच काळवंडतात, म्हणून उरलेले आजच डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. आणि हो, त्याच वेळी कडेचे आकडे एखाद्या माहितीतल्या ट्राय-एक्सच्या निगेटिव्हशेजारी धरून बघा. वळण जुळलं तर मित्राला चहा पाजा. कॅमेऱ्याला रोलचा वेग सांगणाऱ्या, कॅसेटवरच्या चंदेरी चौकटींवर मात्र विसंबू नका. भरलेल्या रोलची कॅसेट दुसऱ्याच कुठल्या रोलची असू शकते, त्या चौकटी बोलतात ते त्या जुन्या रोलबद्दल.

चित्ररथांचं म्हणाल, तर रोल ४०० चा निघाला असं धरून ८०० वर काढा आणि धुण्याची वेळ वाढवा. एचपी५ ला इलफर्डने आयडी-११ मध्ये, जो डी-७६ चा जुळा भाऊच, ४०० ला साडेसात मिनिटं, ८०० ला साडेदहा आणि १६०० ला चौदा दिली आहेत. तुमच्या रोललाही साधारण त्याच प्रमाणात वाढवा. जास्त धुतल्याने उजेडाच्या जागा चढतात, सावलीत जे आलंच नाही ते येत नाही. म्हणून मीटर ट्यूबलाइटवर नव्हे, माणसाच्या चेहऱ्यावर घ्या.

प्रश्न : रोल कापताना लाल दिवा चालतो का? (एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : नाही. लाल दिवा फोटो छापायच्या कागदाला. हे रोल पॅनक्रोमॅटिक, लाल उजेडही त्यांना दिसतो. मिट्ट काळोख, घड्याळाचे रेडियमचे काटेसुद्धा उलटे करा.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत 'इंदू'चे दोन न वापरलेले रोल सापडले. चालतील? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, सरकारी कारखान्याचा माल. एवढ्या वर्षांनी वेग बराच घसरलेला असणार. एक रोल गंमत म्हणून २५ च्या वेगावर, भर उन्हात राजहंसगडावर नेऊन काढा. फॉगमधून तटबंदी दिसली तर मला एक प्रिंट पाठवा. दुसरा उघडू नका. आणि डबे फेकणार असाल तर त्याआधी मला कळवा.