कवळीसाठी पोस्टातली ठेव मोडावी का?

प्रश्न: वय 68, निवृत्त शिक्षिका, राहणार नेरूळ. खालची कवळी जेवताना उचलली जाते. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत. दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) आणि नायलॉन कॅपची अटॅचमेंट, नव्या कवळीसकट 1,45,000 रुपये. नाहीतर चार इम्प्लांटना जोडणारा धातूचा बार आणि त्यावर कवळी, 3,10,000 रुपये. कॅप झिजतात, बदलायचे दर खेपेला 3,000. ती कटकट नको म्हणून बार घ्यावा आणि पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना (15 लाख, 8.2 टक्के, तीन वर्षं झाली) मोडावी असं वाटतं. बँकेत 4 लाखांची एफडी आहे. मेडिक्लेम नाही. बोटांना संधिवात आहे.

उत्तर: काकू, पोस्टातल्या ठेवीला हात लावू नका. त्या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षांनंतर बंद केलं की ठेवीच्या 1 टक्का कापतात, म्हणजे तुमचे 15,000 रुपये तिथेच गेले. शिवाय दर तिमाहीला येणारे 30,750 रुपये थांबतील.

आता कटकटीचं बघू. ही अटॅचमेंट टिचबटणासारखी असते. इम्प्लांटवर धातूचा खुंट आणि कवळीच्या आतल्या बाजूला नायलॉनची कॅप. रोजच्या काढ-घालीत कॅप झिजावी अशीच ती केलेली असते, म्हणजे महागडा धातूचा भाग वाचतो. बारला पकडायलाही कवळीत क्लिप असतात आणि त्याही सैल होतात, त्यामुळे तिथे देखभाल सुटते असं नाही. उलट बारच्या खाली बारीक ब्रश घालून रोज सफाई करावी लागते. दुखऱ्या बोटांनी ते रोज जमेल का, हे तुम्हीच सांगा.

दोन पर्यायांत फरक 1,65,000 रुपयांचा. एवढ्या रकमेवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 13,530 रुपये व्याज होतं. वर्षातून एकदा काय, चारदा कॅप बदलल्या तरी 12,000 होतात. दोन इम्प्लांट म्हणजे चालढकल, असंही मनात आणू नका. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असं मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच मांडलं होतं. बारची गरज कधीकधी खरोखर असते. तुमच्या बाबतीत ती असेल, तर डॉक्टरांनी एक्स-रे समोर ठेवून कारण सांगावं.

म्हणून माझं मत दोन इम्प्लांटचं. पैसे एफडीतून काढा, 2,55,000 उरतील. मेडिक्लेम नसल्यामुळे ही रक्कम दवाखान्याचीच समजा. एफडीतून बार केलात तर जेमतेम 90,000 उरले असते, ते मला अजिबात पटत नाही. (65 नंतर पॉलिसी मिळत नाही असं समजून थांबला असाल तर ऐका, विमा नियामकाने ती वयाची अट 2024 मध्ये काढली आहे. दातांचं झालं की लगेच चौकशी करा.) सगळे पैसे आधी देऊ नका. इम्प्लांट हाडात रुजायला साधारण तीन महिने जातात, तेव्हा थोडे बसवताना आणि बाकीचे कवळी हातात आल्यावर द्या. जुन्या करप्रणालीत विवरण भरत असाल तर चेकने किंवा यूपीआयने द्या. मेडिक्लेम नसलेल्या ज्येष्ठांना औषधोपचाराच्या खर्चावर 50,000 पर्यंत वजावट आहे, पण रोखीने दिलेला खर्च त्यात धरत नाहीत.

कॅप आणि कवळीच्या देखभालीसाठी महिन्याला 500 रुपयांची आवर्ती ठेव उघडा. खर्च फक्त कॅपचा नाही. मागची हिरडी हळूहळू बसते, मग कवळी आतून भरून घ्यावी लागते. ते टाळलं तर कवळी डुलते आणि कॅप लवकर जातात.

पैसे देण्याआधी डॉक्टरांकडून इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास आणि खुंटाची उंची कागदावर लिहून घ्या, पाकिटावरचं स्टिकरही मागा. एका कंपनीची कॅप दुसरीच्या खुंटावर बसेलच असं नाही. उद्या हे डॉक्टर नसले तर त्या कागदावरूनच नवा भाग मागवता येईल. कॅप कमी-जास्त पकडीच्या मिळतात. संधिवाताचं आधी सांगा आणि हलक्या पकडीची मागा, नाहीतर कवळी काढताना बोटांचे हाल होतील. दुसरं मत हवं असेल तर नेरूळमध्येच डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या कवळी विभागात दोन्ही कोटेशनं आणि एक्स-रे घेऊन जा.