ब्रिटिश पासपोर्टवर जर्मनीला येताय?

मँचेस्टरच्या एका ताईंनी विचारलंय: आम्ही ब्रिटिश नागरिक, नवऱ्याला जर्मनीत नोकरी मिळतेय, मुलगा चौदा वर्षांचा, ब्रेक्झिटनंतर तिथे आपले काय हक्क उरलेत? व्हिसाचे नियम सरकारी वेबसाइटवर आहेत, ते सांगत बसत नाही.

सगळं एका तारखेवर आहे. ३१ डिसेंबर २०२० ला जे ब्रिटिश इथे राहत होते, त्यांचं राहणं, नोकरी, आरोग्य विमा, पेन्शन विथड्रॉवल अ‍ॅग्रीमेंटने, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडतानाच्या कराराने, शाबूत ठेवलं. आम्ही २०१५ पासून श्टुटगार्टला, म्हणून त्यात बसलो. तुम्ही नाही. तुमचा पासपोर्ट आता इथे कॅनडावाल्याइतकाच, म्हणजे युनियनबाहेरच्याचा.

बसलो म्हणजे सुटलो असंही नाही. फ्रान्समध्ये हा दर्जा अर्ज करून मिळवावा लागला, जर्मनीत म्हणे आपोआप टिकला. माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय. "तुम्ही ब्रिटिशच नाही, तुमचा काय संबंध?" असं इथल्या सरकारी कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी त्याला ऐकवलं. करारात कुटुंबीयही येतात, हे मी छापून नेऊन दाखवलं. तरी राहण्याच्या हक्काचं कार्ड यायला महिने गेले, आणि तोवर कंपनीचं एचआर त्याच्या मागे. शिवाय ते कार्ड फक्त जर्मनीपुरतं. ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला नोकरी धरायची तर मी परकीच. अख्ख्या युरोपात कुठेही राहता यावं म्हणून मी भारतीय पासपोर्ट परत करून ब्रिटिश घेतला होता! आईला ते अजून पटलेलं नाही, आणि हल्ली मलाही उत्तर सुचत नाही.

शेजारचे इंग्रज आजोबा तर तीसेक वर्षं इथे. परदेशी पंधरा वर्षं झाली की ब्रिटनमधलं मत जायचं, त्यामुळे २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात त्यांना मतच नव्हतं. तो नियम जानेवारी २०२४ मध्ये उठला. आता मत द्यायचं कशावर?

जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्व सगळ्यांना खुलं केलं. माझा फॉर्म भरून तयार आहे, पाठवत मात्र नाही. कंटाळा आलाय देश बदलण्याचा.

एकटेपणाचं विचाराल तर मराठी मंडळ आहे, गणपती आहे, भागतं.

खरी सल फीची. थोरली २०२३ मध्ये इंग्लंडला शिकायला गेली, स्थानिक फी, ९,२५० पौंड. त्या तारखेला इथे असलेल्या आमच्यासारख्यांची ही सवलत १ जानेवारी २०२८ च्या आधी सुरू होणाऱ्या कोर्सपुरतीच. धाकटा अजून शाळेत. दोघं एकाच घरातली, जन्मही तिथलाच, पण त्याला परदेशी विद्यार्थ्याची फी, म्हणजे दुप्पट-तिप्पट. तुमच्या मुलाला तर ही सवलत नाहीच. कोर्सआधीची तीन वर्षं तो ब्रिटनमध्ये राहत होता का, हे बघतात. आईवडिलांची परदेशातली नोकरी तात्पुरती होती असं दाखवता आलं, तर या अटीतून सूट मिळू शकते. तेव्हा नवऱ्याचं काँट्रॅक्ट मुदतीचं आहे की कायमचं, हे सहीआधी बघा.