'हर्ड' की 'फ्लॉक'?

प्रश्न : धनगराची मेंढरं शेतात बसवली, हे इंग्रजीत लिहिताना 'हर्ड' म्हणावं की 'फ्लॉक'?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : मेंढरांना 'फ्लॉक', पाखरांच्या थव्यालाही तोच. गाई-म्हशी, हत्ती, हरणं यांना 'हर्ड'. शेळ्यांना दोन्ही चालतात.

खरी गफलत पुढे होते. 'शीप'चं अनेकवचन 'शीप'च, 'शीप्स' चूक. 'कॅटल' मुळातच अनेकवचनी, म्हणून 'कॅटल आर'. एका गाईला तो शब्द लावू नका. वीस लाल कंधारी गुरं मोजायची तर 'ट्वेंटी हेड ऑफ कॅटल'. इथे 'हेड'चं 'हेड्स' करायचं नाही, परीक्षेत नेमके इथेच गुण जातात. हीच गुरं हाळी-हंडरगुळीच्या बाजाराकडे हाकत नेली, तर 'ड्रोव्ह' शोभतो. तो 'ड्राइव्ह'वरूनच आलाय. गायरानात निवांत चरणाऱ्या गुरांना मात्र 'हर्ड'च लिहा.